गुरुवारचा डॉक्टर

वडखळ नाक्याच्या अलीकडे एस.टी. थांबली आणि ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, तेव्हाच सगुणानं शेजारी बसलेल्या पोरीकडे पाहिलं.

गाडी चालू असली की नम्रता बरी असायची. खिडकीच्या गजाला गाल लावून ती गाडीची थरथर अंगात मुरवून घ्यायची आणि घशातल्या घशात एकाच सुरात गुणगुणत राहायची. रोहा सुटल्यापासून भिसे खिंड, नागोठणं, सगळं तसंच निभावलं होतं. आता पुढे नजर जाईल तिथवर ट्रक उभे होते. एक लांबलचक ट्रेलर नाक्यावर आडवा झाला होता आणि धड अलिबागकडची गाडी हलत नव्हती, धड पेणकडची.

"होईल हां चालू, नमू. आता होईल," सगुणा तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली.

नम्रतानं गज सोडला. उजवा हात तोंडाशी नेला. मनगटापाशी, जिथली कातडी चावून चावून जाड आणि काळी पडली होती, तिथं तिनं दात रुतवले आणि ती किंचाळली. चौदा वर्षांची, हाडापेरानं आईपेक्षा थोराड पोरगी. पुढच्या बाकावरची माणसं दचकून वळली. एका बाईनं आपलं तान्हं पदराखाली घेतलं.

"अंगात येतं काय गो पोरीच्या?" दुसऱ्या एका म्हातारीनं विचारलं.

"नाय."

"मग काय मुकी हाय?"

"मुकी बी नाय."

"मग काय झालंय तिला?"

सगुणा पोरीचं मनगट दातांतून सोडवू लागली. हा प्रश्न तिला नळावर, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे विचारून झाला होता. अमुक झालंय असं सांगता येण्याजोगा एक शब्द तिच्याजवळ कधीच नव्हता.

कंडक्टर भला माणूस होता. वाकून हळूच म्हणाला, "ताई, तिला जरा खाली न्या. मोकळ्यावर बरं वाटंल. गाडी काय आता लवकर हलत नाय."

खाली उतरलं की गाडी सुटणार हे सगुणाला माहीत होतं. तरी ती उतरली. गाडीतल्या इतक्या डोळ्यांपुढे बसून राहण्यापेक्षा रस्ता बरा होता. कडेच्या गवतात नम्रता फतकल मारून बसली, एकेक काडी उपटून आपल्यापुढे सारख्या अंतरानं मांडू लागली, आणि तिचा आवाज हळूहळू उतरत गेला. पलीकडे मिठागराचं पाणी उन्हात चकाकत होतं. मग ट्रेलर सरळ झाला, हॉर्न वाजू लागले, एस.टी. हलली. कंडक्टरनं दारातून अर्धा बाहेर येऊन हात हलवला. सगुणानं पोरीला दंडाला धरून ओढलं, पण मांडलेल्या काड्या सोडून नम्रता उठायला तयार नव्हती. गाडी गेली.

पेणच्या स्टँडवर महिपतीदादा त्या गाडीची वाट पाहत उभे असणार होते.

महिपती हा सगुणाच्या नवऱ्याचा, हिरामणचा, थोरला भाऊ. हमरापूरला त्यांचा गणपतीचा कारखाना होता आणि भावकीत त्यांचा शब्द चालायचा. सहा महिन्यांपूर्वी नम्रता शहाणी झाली, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय उरला नव्हता. पहिल्या वेळी तिनं रक्त पाहिलं आणि ती भिंतीवर डोकं आपटत राहिली. कापड लावलं की उपसून फेकून द्यायची. एकदा तशीच चाळीच्या अंगणात गेली. बायांनी आपापल्या पोरांना हाका मारून आत घेतलं, आणि मालकानं हिरामणला बाजूला नेऊन सांगितलं की दुसरी खोली बघ. त्यानंतर सगुणा पाण्याला किंवा बाजारात जाताना बाहेरून कडी घालू लागली. परत येईपर्यंत नम्रता दारावर थापा मारत असायची. तो आवाज नळापर्यंत ऐकू यायचा. बादली भरेस्तोवर सगुणा मान वर करायची नाही.

तेव्हा महिपतीदादांनी मार्ग काढला. पेणला एका नर्सिंग होमचे डॉक्टर त्यांच्या ओळखीचे होते. पोरीची पिशवीच काढून टाकायची. पाळीचा त्रास नाही, आणि उद्या काही बरंवाईट झालं तर पोट वाढायची भीती नाही. "सगळीकडं करतात," दादा म्हणाले होते. "मी बोलून ठेवलंय. गुरुवारी घेऊन या, तपासतील, दिवस ठरवतील." हिरामण धाटावला एका केमिकल कंपनीत होता. रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. तो फक्त "बरं" म्हणाला. भावापुढे तो नेहमीच तेवढंच म्हणायचा.

सगुणाही काही बोलली नव्हती. फक्त दुसऱ्या दिवशी ओट्यावर सुगराभाभीजवळ ती रडली. शेजारच्या खोलीतली सुगरा. तिचा नवरा नूरमहंमद कुवेतला असायचा. चाळीत नम्रताला घरात घेणारी ती एकटीच.

"माझी नणंद पेणला दिलेली, तुला म्हाईत हाय ना," सुगरा म्हणाली होती. "बाळंतपनानंतर ती आपल्याच पोराला हात लावीना. भिंतीकडं तोंड करून बसायची. सगळं करून झालं, तावीज झाले, दर्गा झाला. मग कोनी सांगितलं, बाजारात मेडिकलच्या वर गुरुवारी डोक्याचा डॉक्टर येतो, मुंबईसना. आता पोराला शाळेत सोडाया जाते. तू दाखव गो नमूला एकदा."

"दादा नाय जाऊ देनार. वेड्यांचा डॉक्टर म्हनतील."

"मग म्हनू दे."

पण म्हणू दे म्हणणं सुगराला सोपं होतं. सगुणानं भीत भीत दादांपुढे विषय काढला तेव्हा ते हसले. "तिथं गेलात तर ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात टाका म्हनून चिठ्ठी देईल. टाकशील?" पुढे बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

आणि आता एस.टी. गेली होती. सगुणानं पोरीच्या काड्या तशाच क्रमानं आपल्या ओच्यात गोळा केल्या, तेव्हा कुठे नम्रता उठली. पेणकडे जाणारी एक विक्रम रिक्षा थांबली. तिची फटफट एस.टी.पेक्षा मोठी होती. नम्रता दांडीला गाल लावून शांत बसली. रिक्षावाल्यानं त्यांना स्टँडवर न नेता बाजाराच्या तोंडाशीच उतरवलं. "स्टँड हे काय पुढं. सरळ चालत जावा."

सगुणा सरळ चालू लागली. समोर स्टँड होता, तिथं दादा होते. उजव्या हाताला बाजाराची गल्ली होती. कोणी तिला अडवत नव्हतं, कोणी तिला ओळखत नव्हतं. असं आपल्या पायांनी कुठंतरी वळता येण्यासारखं उभं राहणं तिला इतकं अनोळखी झालं होतं की क्षणभर ती तिथंच थबकली. मग तिनं नम्रताचा हात घट्ट धरला आणि ती गल्लीत वळली.

मेडिकलच्या बाजूनं एक अरुंद लाकडी जिना वर जात होता. वर दोन बाकडी, एक पंखा, एक बंद दार. बाकड्यांवर माणसं होती, पण दवाखान्यात असतात तशी नव्हती. कोणी कोणाला काय होतंय म्हणून विचारत नव्हतं. एका इस्त्रीच्या शर्टातल्या माणसानं सगुणाला पाहताच तोंड भिंतीकडे फिरवलं. एका तरुण बाईनं डोक्यावरून पदर इतका पुढे ओढला होता की फक्त हनुवटी दिसत होती. डॉक्टर अजून आलेच नव्हते.

नम्रताला पंख्याचं बटण सापडलं. बंद, चालू. बंद, चालू. पाती थांबत आली की ती दोन्ही हात कानांजवळ नेऊन नाचवायची.

"अवो बाई, तिला आवरा," भिंतीकडे तोंड केलेला माणूस न वळताच म्हणाला.

सगुणा तिला आवरायची, ती पुन्हा जायची. खाली रस्त्यावर कोणाचाही चढा आवाज आला की सगुणाला तो दादांचा वाटायचा. निघून जावं असं तिला कितीदा तरी वाटलं. पण इथून निघून जायचं म्हणजे नर्सिंग होमलाच जायचं.

डॉक्टर आले ते घामानं भिजून. साठीकडे झुकलेले, हातात जुनी ब्रीफकेस. सगुणाचा नंबर लागला तेव्हा आत जाताच नम्रता तिथल्या पंख्याच्या बटणाकडे धावली.

"नमू!" सगुणा ओरडली.

"राहू दे. करू दे तिला," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही बसा."

ते बराच वेळ पोरीकडे नुसते पाहत राहिले. सगुणानं बाकीच्या डॉक्टरांपुढे सांगायची तसंच सगळं भरभर सांगायला घेतलं. बोलत नाही, म्हणून रोह्याला दाखवलं. उशिरा बोलेल म्हणाले. अलिबागला कान तपासले. कान चांगले निघाले. एकानं मान वर न करता मतिमंद म्हटलं आणि टॉनिक दिलं. शाळेत घातलं तर चौथ्या दिवशी परत पाठवली. डॉक्टरांनी तिला मध्ये तोडलं नाही. ती थांबल्यावर त्यांनी विचारलं, "लहानपणी काही हवं असलं तर बोट दाखवायची का?"

असं तिला कधी कोणी विचारलं नव्हतं. ती आठवू लागली. "नाय. माझा हात धरायची आनि त्या वस्तूवर नेऊन ठेवायची. जसा काय तो हात माझा नायच."

"हाक मारली तर बघायची?"

"नाय. पन मागल्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला तर धावत यायची."

"वस्तू ओळीनं लावते?"

"चपला लावते. अख्ख्या चाळीच्या. त्याच्यावरनं भांडनं होतात." बोलता बोलता सगुणाचा आवाज बदलला. हा माणूस तिच्या घरात राहून गेल्यासारखा विचारत होता. "तुमाला कसं कळलं?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, मी मोठ्या माणसांचा डॉक्टर आहे. अशी मुलं मी फार पाहिलेली नाहीत. पण पाहिली आहेत. याला ऑटिझम म्हणतात."

"आटिझम," सगुणा म्हणाली.

"काही जण स्वमग्न म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. तिला बाहेरचं सगळं फार जोरात लागतं. आवाज, उजेड, कोणी अंगाला हात लावणं. आपल्याला टोचतं तिथं तिला भोसकल्यासारखं होतं. म्हणून ती आवडीचं एकच काहीतरी धरून बसते."

"माझ्यामुळं झालं काय?"

"नाही."

"पोटात असताना मी सूर्याचं गिरान पाळलं नव्हतं. मिठागरावर कामाला गेलेली. सासूबाई मरेपरयंत तेच बोलत होत्या."

"तुमच्यामुळे झालेलं नाही."

सगुणानं पदर तोंडाशी घेतला. थोड्या वेळानं तिनं तेच पुन्हा विचारलं आणि डॉक्टरांनी तेच उत्तर पुन्हा दिलं, पहिल्याइतकंच शांतपणे.

"मग औषध द्या," ती म्हणाली.

"याला औषध नाही."

पंखा बंद झाला. चालू झाला.

"झोपत नसेल तर झोपेची थोडी गोळी देतो. पण ती या आजाराची नव्हे. अशा मुलांना शिकवावं लागतं. मुंबईत काही आईबापांनी मिळून एक वर्ग सुरू केलाय."

"रोह्यात?"

डॉक्टरांनी मान हलवली. "रोह्यात नाही, पेणला नाही, अलिबागलाही नाही."

सगुणाला हसू आलं. इतकी वर्षं शब्दासाठी दारं ठोठावली. शब्द मिळाला, आणि त्याच्या पलीकडेही भिंतच होती. तिनं मग नर्सिंग होमचं सांगितलं. दादा स्टँडवर उभे आहेत हेही सांगितलं.

"पाळी हा काही आजार नाही," डॉक्टर म्हणाले. "तिला रोजच्या रोज सगळं तसंच लागतं ना? मग त्याचाच उपयोग करा. कापड त्याच जागी, त्याच रंगाचं, तोच क्रम. पाळी नसतानाही सवय लावा. सहा महिने जातील, वर्ष जाईल. कदाचित जमणारही नाही. पण करून बघितल्याशिवाय कापू नका."

"कोन करनार?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं.

मग डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही कशा आहात?"

"मी?" सगुणानं मागे वळून पाहिलं, जणू तिथं आणखी कोणी बसलं होतं. "मला काय झालंय? मी बरी हाय."

"झोप लागते?"

"ती झोपली की."

"कधी असं वाटतं का, की आता पुरे? मरून जावं?"

खाली कोणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला होता. नम्रतानं कान झाकले. सगुणा आपल्या हातांकडे पाहत राहिली. बाहेर इतकी माणसं खोळंबली असतानाही डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला पेन उचललं नाही.

"एकदा," सगुणा म्हणाली. "आमच्या रोह्यात नदी हाय, कुंडलिका. पलीकडं अष्टमी. मधी पूल. पानी भरतीचं होतं. मी हिला घेऊन गेलेली, दुपारची. हिला पानी बघायला आवडतं. ही कठड्यावर वाकली, आनि मला वाटलं, इथं दोघीच हाव. एकदाच काय ते. माझ्यामागं हिला कोन बघंल? मी हिच्या कमरेला हात घातला पन होता." ती थांबली. "मग ही खालीच बसली. उठंचना. मागून बैलगाडी आली, तो मानूस शिव्या द्यायला लागला. मी हिला उठवता उठवता... मग घरीच आलो."

"कोणाला सांगितलंत?"

"कोनाला सांगू?"

"नवऱ्याला सांगा," डॉक्टर म्हणाले. "आजच सांगा. आणि पुढच्या महिन्यात दोघं या. ती झोपेची गोळी मी तुम्हालाही देणार आहे. पण बोलणं जास्त गरजेचं आहे."

जिना उतरून त्या रस्त्यावर आल्या आणि समोर महिपतीदादा उभे होते. स्टँडवरून नर्सिंग होम, नर्सिंग होमवरून पुन्हा स्टँड अशा त्यांच्या फेऱ्या झाल्या होत्या. शेवटी अंदाज बांधून ते इथं आले होते. पांढऱ्या शर्टवर घामाचे डाग पडले होते.

"तिथं डॉक्टर तिष्ठत बसले. माझा शब्द गेला, सगुणा."

"एस.टी. चुकली, दादा."

"एस.टी. चुकली, आनि जिना बरा गावला?"

सगुणानं नम्रताला आपल्या मागे घेतलं. दादांनी आवाज खाली आणला. ते वाईट नव्हते. नम्रताच्या बारशाला पाळणा त्यांनीच आणला होता. "अगो, मी काय तिचा वैरी हाय काय? पोर वयात आली. तिला कळत नाय, बोलता येत नाय. उद्या कोनी हात लावला तर? कुठं तोंड दाखवशील?"

"पिशवी काढल्यावर हात लावनारा थांबनार हाय काय, दादा?" सगुणाच्या तोंडून निघालं. तिला स्वतःलाच ते ऐकून धक्का बसला. "निसतं कोनाला कळनार नाय, एवढंच."

दादांनी रुमालानं मान पुसली. मग "हिरामणशी बोलतो मी," एवढं म्हणून ते निघून गेले.

ते बोलले होतेच. सगुणा रोह्याला पोचली तेव्हा कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या फोनवर दादांचा निरोप येऊन गेला होता, आणि हिरामण ओट्यावर बसला होता. नम्रता सरळ आत गेली आणि चपलांच्या ओळीशी बसली.

"काय म्हनाला तो डॉक्टर?"

"आटिझम म्हनाला."

"म्हंजे?"

"म्हंजे ती अशी का हाय, त्याचं नाव."

"औषध काय दिलं?"

"औषध नाय त्याच्यावर."

हिरामणनं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग कमी आणि थकवाच जास्त होता. "मग गेलीस कशाला?"

सगुणा उंबऱ्यावर बसली. चाळीत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, कोणाच्या तरी टीव्हीवर जाहिराती चालू होत्या. तिनं त्याला पुलाचं सांगितलं. डॉक्टरांना सांगितलं तसंच, फक्त बैलगाडीवाल्याच्या शिव्या गाळून.

"कवा?" हिरामणनं विचारलं.

"मागल्या पावसाळ्यात. तुमी सेकंड शिफ्टला होतात."

कामावर जायची वेळ झाली तरी तो उठला नाही. मग उठला, आत गेला आणि नम्रताच्या शेजारी जमिनीवर बसला, तिला हात न लावता. ती त्याची चप्पल हातात घेऊन जागा शोधत होती. त्यानं जोडीतली दुसरी तिच्यापुढे सरकवली.

पुढच्या महिन्यात त्यानं रजा टाकली आणि तिघं मिळून पेणला गेले. जिन्याच्या तोंडाशी मेडिकलवाल्यानंच अडवलं. "वर काय नाय. डॉक्टर यायचे बंद झाले."

"कधीपर्यंत बंद?" हिरामणनं विचारलं.

"कायमचे. त्यांना परवडंना. लोकं हा जिना चढायला लाजतात हो. डॉक्टर रात्री अंधारात बसले असते तर आले असते." तो हसला, पण हिरामण हसला नाही म्हणून थांबला. "मुंबईचा पत्ता पायजे तर देतो."

हिरामण जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय टेकवून उभा राहिला. मुंबई. कंपनी, पाळ्या, ही पोर, भर गर्दीतला तो प्रवास. पत्ता त्यानं घेतला. आपण तिथं जाणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, तरी सगुणानं तो घडी करून बटव्यात ठेवला. महिन्याभरात तिनं मनात कितीतरी साठवून ठेवलं होतं, सांगायचं, विचारायचं. पहिल्यांदाच कोणी तिची विचारपूस केली होती, आणि ते दार उघडलं तसंच मिटलं.

परतीच्या एस.टी.ला वेळ होता. हिरामण स्टँडसमोरच्या एस.टी.डी. बूथमध्ये शिरला. काचेतून सगुणाला त्याची पाठ दिसत होती. बोलणं थोडकंच झालं.

"दादाला सांगितलं," तो बाहेर येऊन म्हणाला. "नाय करायचं म्हनून."

"काय म्हनाले?"

"त्यांनी फोन ठेवला."

त्या वर्षी हमरापूरहून गणपती आला नाही. हिरामण बाजारातून लहानशी मूर्ती घेऊन आला. जेवणावळींची बोलावणी थांबली. मालकाच्या हातापाया पडून खोली टिकवली, पण नळावर जाताना बाहेरची कडी घालावीच लागायची आणि दारावरच्या थापा नळापर्यंत ऐकू यायच्याच. फक्त आता कधी कधी त्या मध्येच थांबायच्या. सुगराभाभी आपलं काम सोडून कडी काढून आत जाऊन बसलेली असायची.

शिकवणं म्हणजे रोज हरणं होतं. सगुणानं जुन्या निळ्या लुगड्याची एकसारखी कापडं फाडली. दुसरा रंग नम्रता चालू द्यायची नाही. मोरीच्या कोनाड्यात डावीकडे कोरडी, उजवीकडे बादली. पाळी असो नसो, सकाळी तोच क्रम. नम्रता फेकून द्यायची, सगुणा उचलायची. चावायची, ओरडायची. एकदा तिनं भिंतीवर हात पुसले आणि सगुणानं तिला थोबाडीत मारली, मग तिथंच मोरीत बसून दोघी दोन सुरांत रडल्या. गोळी संपली, रोह्याच्या डॉक्टरांनी ती लिहून द्यायला नकार दिला. झोप पुन्हा पहिल्यासारखीच तुटक झाली. पुलाकडे जायचा रस्ता मात्र सगुणा टाळू लागली. हिरामणही बाजारहाट आपणच करतो म्हणाला. त्यानं कारण सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

दिवाळीनंतरची थंडी सरून ऊन तापायला लागलं होतं. एका सकाळी सगुणा चुलीपाशी भाकऱ्या थापत असताना मोरीत पाणी ओतल्याचा आवाज आला. ती पिठाच्या हातांनीच उठली. नम्रता बादलीवर वाकून कापड चोळत होती, आईनं शिकवलं होतं तसं आणि तितक्याच वेळा. तिनं पिळलं, झटकलं आणि आईला जवळजवळ ढकलूनच ती दाराबाहेर गेली.

चाळीच्या अंगणात सगळ्यांची मिळून एकच दोरी होती. बाया आपली असली कापडं कधी तिथं टाकत नसत. टाकलीच तर परकराखाली, दमट, कोणाच्या नजरेला पडणार नाहीत अशी. नम्रतानं निळी कापडं दोरीच्या मधोमध, भर उन्हात, एकाला एक कडा जुळवून टाकली. एक जरा खाली होतं ते वर ओढलं. मागे सरून पाहिलं. हात कानांजवळ नेऊन नाचवले आणि ती आत निघून गेली.

समोरच्या ओट्यावरची बाई तांदूळ निवडणं थांबवून बघत होती. "सगुणा, अगो, काढ की ते. बाप्यांचं येनंजानं हाय."

सगुणा दारात उभी होती. पिठाचे हात तिनं पदराला पुसले.

"वाळू दे," ती म्हणाली.

तेवढ्यात रात्रपाळी संपवून हिरामण डबा हातात घेऊन फाटकातून आत आला. अंगणाच्या मध्यावर येऊन तो थबकला. दोरीकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या सगुणाकडे पाहिलं. ओट्यावरची बाई नजर खाली घालून पुन्हा निवडू लागली. दोरीला वळसा घालून यायला बाजूनं वाट होती. हिरामणनं कंपनीची टोपी काढून बगलेत धरली, मान लववली, आणि कापडांना धक्का लागणार नाही असा वाकून त्यांच्याखालून घरात आला.